विभागवार जबाबदाऱ्या वाटताय? आधी त्या सोडायची सोय करा

नमस्कार. तुमचा प्रश्न नीट वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात परत मांडतो. दारू सोडलेल्या लोकांचं तुमचं एक स्वयंसेवी नेटवर्क आहे, भोसरीतल्या एका मीटिंगपासून सुरू झालं, आता पुणे, पिंपरी-चिंचवड, चाकण, दौंड, बारामती असं मिळून नऊ ठिकाणी मीटिंगा होतात. पण फोन मात्र सगळे अजून तुम्हाला आणि तुमच्या एका सहकाऱ्यालाच येतात, दोघांच्याही नोकऱ्या आहेत, दोघंही दमलाय. म्हणून विभागप्रमुख नेमायचे आहेत. किती नेमायचे, कोणाला नेमायचं, किमान किती वर्षं सोबर (म्हणजे दारूशिवाय) असावा, अधिकार काय द्यायचे हे तुम्ही विचारलंय आणि अगदी शेवटी जाता जाता एक ओळ टाकलीय, "आणि तो रिलॅप्स झाला तर काय करायचं?", म्हणजे सोडल्यावर परत प्यायला लागला तर.

मी स्वतः दारू सोडून रिकव्हरीत आहे आणि बरीच वर्षं मीटिंगांच्या मागची कामं करतोय, जागा बघणं, फोन घेणं, नवीन ग्रुप उभा करणं वगैरे. त्या अनुभवावरून सांगतो, तुमची ती शेवटची ओळ सगळ्यात आधी घ्या, बाकीची उत्तरं तिच्यातूनच निघतात.

कारण असं बघा, एखाद्या वाचनालयाचा किंवा ट्रेकिंग ग्रुपचा पदाधिकारी ढेपाळला तर कामं अडतात, तेवढंच. आपल्याकडे ज्या आजारासाठी नेटवर्क आहे तोच आजार पद घेणाऱ्यालाही आहे. साधा मेंबर असेल आणि परवा प्यायला असेल तर तो मीटिंगला येऊन म्हणू शकतो की बाबांनो माझी स्लिप झाली, आज पहिला दिवस. त्याला अवघड जातं पण तो सांगू शकतो. तोच माणूस "चाकण विभागाचा प्रमुख" असेल, त्याच्या शब्दावर वीस जणांनी दारू सोडलेली असेल, बायको-पोरांना त्याच्या पदाचा अभिमान वाटत असेल, तर हे वाक्य त्याच्या तोंडून निघत नाही. मग तो लपवतो आणि लपवायला लागला की पिणं वाढतच जातं. म्हणजे आपण चांगल्या हेतूने दिलेली जबाबदारीच त्याचा परतीचा रस्ता बंद करते. म्हणून मी म्हणतो की पद तयार करताना ते घ्यायचं कसं यापेक्षा सोडायचं कसं हे आधी ठरवा, आणि सोडणं इतकं साधं ठेवा की सोडणाऱ्याला मान खाली घालावी लागू नये.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो. तुमचे ग्रुप ए.ए. चे म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमसचे असतील तर तुम्ही वेगळी रचना करू नका, तिथे ग्रुप प्रतिनिधी, इंटरग्रुप (आसपासच्या ग्रुपांची मिळून समिती) अशी रचना आधीपासून आहे, त्यात जा. एखाद्या व्यसनमुक्ती केंद्राच्या फॉलोअपमधून ग्रुप वाढले असतील (आपल्या पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून आहे, त्यामुळे फॉलोअपची सवय इथल्या लोकांना आहेच) तर पगारी समुपदेशक कुठपर्यंत आणि स्वयंसेवक कुठपर्यंत हे केंद्राशी बसून ठरवावं लागेल, एकट्याने ठरवून चालणार नाही. तुमच्या लिहिण्यावरून वाटतंय की तुम्ही स्वतंत्र आहात, म्हणून मी पुढचं त्या हिशोबाने लिहितो.

आधी एक महिना एक वही ठेवा. तुम्हाला दोघांना आलेला प्रत्येक फोन तिच्यात लिहायचा, नाव नको, फक्त वेळ, कुठून आला आणि कशासाठी आला. मी जिथे जिथे हे करायला लावलंय तिथे फोन साधारण तीन प्रकारचे निघतात. एक, स्वतः पिणारा माणूस किंवा नुकताच सोडलेला, ज्याला आत्ता तलफ आलीय. दोन, घरचे, बहुतेक वेळा बायको किंवा आई. तीन, ग्रुपच्या कटकटी, म्हणजे हॉलची किल्ली मिळाली नाही, आज मीटिंग चालवणारा आलाच नाही, दोघांची भांडणं झाली, शाळेच्या मुख्याध्यापक बाई म्हणतात की पुढच्या महिन्यापासून वर्ग मिळणार नाही.

वही बघितली की लक्षात येईल, पहिल्या प्रकाराला विभागाची गरजच नाही, त्याला वेळेची गरज आहे. तलफ रात्री अकराला येते, सेकंड शिफ्ट सुटल्यावर येते, पहाटे हात थरथरतात तेव्हा येते, आणि त्या वेळी बोलायला जागा असलेला माणूस लागतो, मग तो धायरीचा असो नाहीतर तळेगावचा. म्हणून फोनसाठी सगळ्या नऊ ग्रुपांची मिळून एकच पाळी लावा, एक वेगळं सिमकार्ड घ्या आणि कॉल फॉरवर्ड करून आठवड्याला माणूस बदला. एवढं केलंत तरी तुमचा अर्ध्याहून जास्त भार उतरेल आणि मग विभागांसाठी खरं काम किती उरतंय ते दिसेल. घरच्यांच्या फोनला घरचंच माणूस लागतं, पिणाऱ्याच्या बायकोशी पिणारा बोलला तर तो नकळत नवऱ्याची बाजू घेतो, असं मी खूपदा बघितलंय. ए.ए. १९३५ ला सुरू झालं आणि कुटुंबीयांसाठी वेगळं अल-अॅनॉन १९५१ ला उभं राहिलं, त्यामागे हीच गरज होती. आणि एखादी पिणारी बाई स्वतः फोन करते तेव्हा तिच्याशी बाईनेच बोलायचं, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा.

उरलं तिसरं काम, आणि त्याला जोडून प्रत्यक्ष भेटीला जाणं, जवळचं हॉस्पिटल आणि डॉक्टर माहीत असणं, नवीन मीटिंग सुरू करणं. हे खरं विभागाचं काम. याला नाव समन्वयक द्या नाहीतर अजून काही, त्यावर वेळ घालवू नका.

विभाग पाडताना नकाशा आणि तालुके बाजूला ठेवा, माणसं कशी येतात-जातात ते बघा. भोसरी, चाकण आणि तळेगाव एकत्र बसतात कारण तिथे सगळं कंपनीच्या शिफ्टवर चालतं, मीटिंगची वेळ पण शिफ्ट बघूनच ठरते. राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव नाशिक हायवेवर आहेत, उद्या तिकडे मीटिंग निघाली तर ती चाकणला जोडा. हडपसर, मांजरी, लोणी काळभोर एकीकडे आणि कात्रज, धायरी, सिंहगड रोड दुसरीकडे, या दोघांना एकत्र केलंत तर समन्वयकाचा जीव ट्रॅफिकमध्येच जाईल. दौंड रेल्वेमुळे पुण्याला जवळचं पडतं, तिथली माणसं पुण्याच्या मीटिंगला गाडीने येऊ शकतात, मग कागदावर दौंड-बारामती असा एक विभाग छान दिसला तरी आधी तिथल्या लोकांना विचारा. नऊ ग्रुपांना तीन विभाग पुरे, चार म्हणजे डोक्यावरून पाणी. एका समन्वयकाकडे तीन ग्रुप असतील तर तो महिन्यातून एकदा प्रत्येक ठिकाणी जाऊन शांत बसून येऊ शकतो, आणि ते शांत बसून येणं हेच त्याचं निम्मं काम आहे.

कोणाला निवडायचं? सोबरायटीची वर्षं विचारलीत म्हणून सांगतो, अमेरिकेतल्या ए.ए. च्या रचनेत ग्रुपच्या प्रतिनिधीला साधारण दोन-तीन वर्षं आणि जिल्हा पातळीवर चार-पाच वर्षं असावीत अशी अपेक्षा असते. तुमचं नेटवर्क नवीन आहे, इतकी जुनी माणसं मिळणार नाहीत, तर सलग दोन वर्षं ही खालची मर्यादा धरा आणि ती कोणासाठीही मोडू नका. पण नुसत्या वर्षांवर जाऊ नका. मी याच्यापेक्षा तीन गोष्टी जास्त बघतो. तो स्वतःच्या ग्रुपला दर आठवड्याला मेंबर म्हणून येतो का, म्हणजे खुर्चीत बसून स्वतःचं दुःख बोलतो का, का फक्त दुसऱ्यांना सल्ले देतो. त्याला स्वतःचा स्पॉन्सर आहे का, म्हणजे आधार देणारा जुना सोबर मेंबर, ज्याला तो रात्री फोन करू शकेल. आणि घरी हे काम चालणार आहे का, कारण नुकतंच सावरलेलं घर असतं, बायको म्हणते आधी दारूपायी घरी नव्हता आता मीटिंगपायी नाही, आणि तिचं म्हणणं खरं असतं. घरच्यांना विचारल्याशिवाय कोणाला जबाबदारी देऊ नका, शक्यतो घरी जाऊन, चहा घेत समोर बसून विचारा.

जो सगळ्यात छान बोलतो त्याचंच नाव सगळे घेतील. स्टेजवरचं बोलणं आणि समन्वय या वेगळ्या गोष्टी आहेत, समन्वयाला ऐकून घेणारा, वही नीट ठेवणारा, फोन न विसरता परत करणारा माणूस लागतो. असा माणूस प्रत्येक ग्रुपमध्ये असतो, बहुतेक वेळा तोच खुर्च्या लावत असतो.

नेमणूक तुम्ही दोघांनी करू नका, हे मात्र कळकळीने सांगतो. तुम्ही नेमलात तर तो तुमचा माणूस होतो आणि ग्रुप त्याच्याकडे वरून आलेला साहेब म्हणून बघतात. त्या विभागातल्या ग्रुपांनी निवडू दे. ए.ए. मध्ये यासाठी एक जुनी पद्धत आहे, मला ती फार आवडते. चिठ्ठीवर गुप्त मतदान करायचं, ज्याला दोन तृतीयांश मतं मिळतील तो निवडून आला. नाही मिळाली तर परत मतदान, अगदी कमी मतं असलेली नावं गळत जातात, आणि तरीही शेवटी कोणाला दोन तृतीयांश मिळाली नाहीत तर उरलेल्या नावांच्या चिठ्ठ्या टोपीत टाकून एक काढायची. यातून काय होतं, ५१ विरुद्ध ४९ असा निकाल लागत नाही, कोणी हरत नाही, दोन गट पडत नाहीत. आपल्याकडे सोसायटीच्या निवडणुकीत काय होतं ते तुम्हाला माहीतच आहे, ते इथे परवडणारं नाही कारण इथे रुसून घरी बसलेला माणूस एकटा पडतो आणि एकटा पडला की पितो.

मुदत दोन वर्षं, त्याच पदावर लगेच परत नाही, आणि प्रत्येकाबरोबर पहिल्या दिवसापासून एक उपसमन्वयक, ज्याला सगळं माहीत आहे, सगळे नंबर ज्याच्याकडे आहेत. जोडीने काम करणं हा माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा नियम आहे. भेटीला जाताना पण दोघांनीच जायचं, एकट्याने कधीच नाही, विशेषतः जिथे माणूस अजून पितोय अशा घरी.

अधिकार काय द्यायचे असं विचारलंत. खरं तर जवळजवळ काहीच नाही. ए.ए. च्या बारा परंपरा १९५० साली क्लीव्हलँडच्या अधिवेशनात मान्य झाल्या, त्यातली दुसरी सांगते की आपले पुढारी हे विश्वासाने नेमलेले सेवक आहेत, ते राज्य करत नाहीत, आणि चौथी सांगते की प्रत्येक ग्रुप स्वायत्त आहे, दुसऱ्या ग्रुपांना किंवा सगळ्या संघटनेला बाधा येत असेल तेवढं सोडून. तुम्ही ए.ए. नसलात तरी ही दोन तत्त्वं उचला. समन्वयक ग्रुपला मीटिंगची वेळ बदलायला सांगू शकत नाही, कोणाला काढू शकत नाही, पैसे गोळा करू शकत नाही. पैसे खजिनदाराकडे, तोही वेगळा माणूस, आणि कोणाच्याही खाजगी फोनच्या यूपीआयवर वर्गणी घ्यायची नाही. रक्कम चहा-बिस्किटांपुरती असली तरी नाही, कारण हातात पैसा असणं हे आपल्यातल्या बऱ्याच जणांसाठी पिण्याचं कारण राहिलेलं आहे.

एका बाबतीत मात्र समन्वयकाला नीट शिकवून ठेवा, ते म्हणजे नवीन माणसाचा फोन. समजा घरून फोन आला, "हे उद्यापासून बंद करतो म्हणतायत, रोज दीड-दोन क्वार्टर घेतात, आम्ही खोलीत ठेवू का चार दिवस?" इथे उत्साहाच्या भरात "हो ठेवा, आम्ही आहोत" असं म्हणणं जिवावर बेतू शकतं. रोज भरपूर पिणारा माणूस अचानक थांबला तर साधारण पहिल्या ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या आसपास डेलिरियम, म्हणजे माणूस भलतंच बोलतो, नसलेली माणसं दिसतात, ताप, घाम, आणि वेळेत उपचार नाही झाले तर मृत्यूसुद्धा होतो. म्हणून फोनवर तीन प्रश्न विचारायचेच, शेवटचं कधी घेतली, सकाळी न घेता हात थरथरतात का, आधी कधी सोडताना फिट आली होती का. उत्तर काहीही आलं तरी आधी डॉक्टर, मग मीटिंग. आणि फिट किंवा भ्रम असेल तर थेट १०८. समन्वयकाच्या वहीच्या पहिल्या पानावर त्याच्या विभागातलं मानसोपचार विभाग असलेलं हॉस्पिटल, ससूनचा मानसोपचार विभाग, व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हे लिहिलेलं पाहिजे. घरचे अजून एक हमखास विचारतात, त्यांना न सांगता चहातून, भाजीतून गोळी किंवा पावडर देऊ का. उत्तर एकच, नाही. डायसल्फिरामसारखी गोळी पोटात असताना माणूस प्यायला तर जबरदस्त रिअॅक्शन येते, ती त्याला माहीत असताना, डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यायची असते. स्वयंसेवकाने औषधावर यापुढे एक शब्द बोलायचा नाही.

आता रिलॅप्स. एका विभागाचा समन्वयक होता, कामाला वाघ. हळूहळू काय झालं, तो बाकीच्या सगळ्या ग्रुपांना जायचा पण स्वतःच्या मूळ ग्रुपला येईनासा झाला. विचारलं की म्हणायचा आज अमुक ठिकाणी नवीन मीटिंग आहे, वेळच नाही. सगळे कौतुकच करत होते. गटारीच्या आसपास त्याने प्यायला सुरुवात केली आणि पुढे गणपती होईपर्यंत कोणाला कळलं नाही, तोपर्यंत तो फोनवर इतरांना धीर देत होता. शेवटी त्याच्या बायकोने उपसमन्वयकाला फोन केला. तो परत आला, आज सोबर आहे, पण नंतर त्याने जे सांगितलं ते मी प्रत्येक नवीन टीमला सांगतो. तो म्हणाला, मला प्यायची लाज कमी आणि पद जाईल तेव्हा काय सांगायचं याची लाज जास्त वाटत होती.

त्यानंतर तिथे जे ठरलं ते तुम्ही जसंच्या तसं घेऊ शकता. कारण न सांगता बाजूला व्हायची मुभा कधीही असेल. समन्वयकाने फक्त "मी काही दिवस थांबतोय" एवढा मेसेज उपसमन्वयकाला करायचा, त्याच मिनिटाला काम त्याच्याकडे, कोणी का विचारायचं नाही. ग्रुपवर घोषणा होत नाही. लग्न, बाळंतपण, नाइट शिफ्ट, आईचं आजारपण यासाठीही लोक याच मेसेजने थांबतात, त्यामुळे थांबला म्हणजे प्यायला असं समीकरण होत नाही, आणि हे फार महत्त्वाचं आहे, चांगल्या काळातही लोकांनी थांबायची सवय लावली पाहिजे. प्यायला असेल तर पद त्या दिवशी संपलं, मेंबर म्हणून मात्र तो त्याच संध्याकाळी मीटिंगला यायचा, खुर्ची तीच, चहा तोच. परत पदावर यायचं असेल तर पुन्हा सलग दोन वर्षं, इतरांसारखीच. आणि मूळ ग्रुपला महिनाभर न आलेला समन्वयक दिसला तर उपसमन्वयकाने आणि स्पॉन्सरने त्याला भेटायला जायचं. चौकशी समिती वगैरे काढू नका, दोघांनी जाऊन शेजारी बसा.

व्हॉट्सअॅपचं एक. नवीन फोन करणाऱ्याला त्याच्या परवानगीशिवाय ग्रुपमध्ये टाकायचं नाही, त्याचा नंबर सगळ्यांना दिसतो आणि चाकणसारख्या ठिकाणी त्याच कंपनीतला सुपरवायझर त्या ग्रुपमध्ये असू शकतो. आणि समन्वयक झाला की वाढदिवसाला फ्लेक्स लागतो, कोणीतरी नगरसेवक सत्काराला बोलावतो, "व्यसनमुक्तीचे प्रणेते" म्हणून फोटो. प्रेमाने नाही म्हणायचं. एकाचा चेहरा नेटवर्कचा चेहरा झाला आणि तो चेहरा उद्या बिअरबारबाहेर दिसला तर नुकत्याच सोडलेल्या पोरांना निमित्त मिळतं.

सुरुवात तिन्ही विभागांत एकदम करू नका. चाकणच्या बाजूला एक जोडी निवडा, सहा महिने चालवा. मध्ये गटारी, विसर्जन किंवा थर्टी फर्स्ट यातलं काहीतरी येऊ दे, म्हणजे जास्त फोनच्या दिवशी आणि त्या रात्रीच्या जादा मीटिंगला व्यवस्था टिकते का ते कळेल. तेवढ्यात तुमच्या दोघांपैकी एकाने तो थांबायचा मेसेज स्वतः पाठवून खरंच महिनाभर थांबून बघा. सुरू करणारेच थांबू शकले नाहीत तर पुढचा कोणी थांबणार नाही.

वही महिनाभर ठेवलीत की आकडे इथे टाका, नावं-गावं न टाकता. फोन कुठल्या वेळेला जास्त येतात ते बघून पाळी कशी लावायची ते मी सांगतो, आणि दौंड-बारामतीबद्दल तिथल्या कोणाला माहिती असेल तर त्यांनी पण लिहा, तिकडची ये-जा माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळते.